पुढच्या आसाचे दाते

चाके फिरत होती आणि ट्रक जागचा हलत नव्हता.

चारांपैकी दोनच चाके फिरत होती. पुढचे डावे चाक एका दगडाच्या कडेवरून अधांतरी झाले होते आणि भिरभिऱ्यासारखे गरगरत होते. मागचे उजवे चाक शेवाळलेल्या ओल्या मातीत तसेच भन्नाट फिरत होते. उरलेली दोन चाके मात्र कोरड्या, खरखरीत दगडावर घट्ट टेकलेली होती. त्या दोघांनी नुसती अर्धी फेरी मारली असती तरी ट्रक सुटला असता. पण ती ढिम्म होती. मोटर चालू, बॅटरी भरलेली, आणि ट्रक अडकलेला.

अकरा वर्षांची कृत्तिका भोईटे गुहेच्या तोंडाशी उकिडवी बसून हे सगळे ट्रकवरच्या कॅमेऱ्यांतून हातातल्या छोट्या पडद्यावर पाहत होती. ट्रक तिचाच होता. लांबीला कोपरापासून बोटांपर्यंत, रंगाने पिवळा, रेडिओलहरींवर चालणारा. एरवी तो असा अडकला असता तर तिने उठून जाऊन तो उचलला असता. आज उचलायला जाता येत नव्हते. ट्रक होता त्या फटीत माणसाचे डोकेही शिरत नव्हते, आणि फटीच्या पलीकडे नौशादकाका अडकले होते.

पाटणच्या वरच्या अंगाला एक मोठा सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सपाट कातळाचे मैदान. चंद्रावर माणसांची पहिली कायमची वस्ती उभी करायची तयारी चालू झाली, तेव्हा सरावासाठी एक तळ या सड्यावर बांधला गेला. सड्याखालच्या लांबट गुहा चंद्रावरच्या गुहांसारख्या आहेत, म्हणून ही जागा निवडली होती. कृत्तिकाची आजी, डॉ. सुजाता भोईटे, तळाच्या कार्यशाळेत गाड्यांची चाके आणि आस (दोन चाकांना जोडणारे दांडे) तयार करत असे. नाताळच्या सुट्टीत कृत्तिका साताऱ्याहून तिच्याकडे आली होती.

डॉ. नौशाद मुल्ला तळावरचे भूशास्त्रज्ञ (जमीन आणि खडक यांचा अभ्यास करणारे) होते. सकाळी ते एकटेच गुहेत यंत्रांची नोंद घ्यायला गेले आणि त्यांच्या मागे छताचा एक भाग कोसळला. बाहेरून दगडावर ठोकले की आतून उत्तरादाखल ठोकल्याचा आवाज येत होता. म्हणजे ते जिवंत होते. पण त्यांना दमा होता, आत धूळ भरली होती आणि हवा किती उरली होती हे कुणालाच सांगता येत नव्हते.

तळाच्या प्रमुख इनामदारबाईंनी माणसे कामाला लावली होती. प्रत्येक दगड आधी टेकू देऊन मगच काढावा लागत होता, नाहीतर वरचे आणखी खाली आले असते. फटींतून सरपटत जाणारा बचाव-यंत्रमानव पुण्याहून निघाला होता, पण तो पोचायला संध्याकाळ होणार होती. धुळीत आणि एवढ्याशा जागेत ड्रोन उडणे शक्य नव्हते. फट वाकडी होती, त्यामुळे बांबूही आत जात नव्हता. तेव्हा कृत्तिका म्हणाली होती, "माझा ट्रक जाईल."

ट्रकच्या पाठीवर पाण्याची पिशवी, दम्याचा पंप आणि बोलायचे यंत्र बांधले होते. मागे एक दोरी होती. ट्रक पलीकडे पोचला की काकांनी दोरी ओढायची, दोरीच्या टोकाला बांधलेली हवेची नळी आपोआप त्यांच्याकडे जाणार, असा बेत होता. बेत चांगला होता. फक्त ट्रक अर्ध्या वाटेवर थांबला होता.

"ओढ परत," आजी शांतपणे म्हणाली.

"अजून एकदा जोर लावून बघते ना!"

"जोर कमी नाहीये. जोर चुकीच्या चाकाकडं चाललाय. ओढ."

कृत्तिकाने दोरी धरून ट्रक मागे ओढून घेतला.

कार्यशाळा गुहेपासून हाकेच्या अंतरावर होती. तिथे पक्कड त्यांची वाटच पाहत होता. पक्कड हा कार्यशाळेतला यंत्रमानव. त्याला पाय नव्हते. तो टेबलाच्या कडेने रुळावर सरकायचा, आणि त्याचे दोन हात इतके नाजूक काम करायचे की सुईत दोरा ओवून दाखवायचे.

आजीने ट्रक उलटा केला आणि दोन पुढच्या चाकांच्या मधल्या गोल पेटीवर बोट ठेवले. "हे डिफरन्शियल. मागच्या चाकांतही असंच एक आहे."

डिफरन्शियल (आसाच्या मधोमध बसवलेली, मोटरचा जोर दोन चाकांत वाटणारी दातेरी चाकांची पेटी) हा शब्द कृत्तिकाने ऐकलेला होता. पेटीच्या आत काय चालते ते मात्र तिला ठाऊक नव्हते.

"ही पेटी जोर वाटते ना? मग टेकलेल्या चाकाला का नाही दिला?" तिने विचारले.

आजीने टेबलावर खिळ्यांचे दोन सारखे डबे शेजारी शेजारी ठेवले, थोडे अंतर सोडून. मग एक लाकडी पट्टी आडवी धरून दोन्ही डब्यांना टेकवली. "पट्टीच्या बरोबर मध्यावर एक बोट ठेव आणि ढकल."

कृत्तिकाने ढकलले. दोन्ही डबे सारखेच पुढे सरकले.

"डबे म्हणजे दोन चाकं. तुझं बोट म्हणजे मोटर. पेटीच्या आत अशीच पट्टी असते, फक्त ती दातेरी चाकांची, गोल फिरणारी. आता डावा डबा काढून घे आणि परत ढकल."

डबा काढल्यावर कृत्तिकाने पुन्हा मध्यावर बोट ठेवून ढकलले. पट्टीचे मोकळे टोक गर्रकन पुढे गेले, पट्टी तिरपी झाली आणि उजवा डबा होता तिथेच राहिला. तिने पुन्हा केले. पुन्हा तेच. डब्याला जोर लागतच नव्हता, कारण दुसऱ्या टोकाला अडवायला कुणीच नव्हते.

"अधांतरी चाक म्हणजे काढून घेतलेला डबा," ती हळूच म्हणाली. "त्याला फिरायला जोर लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही. आणि मागं चिखलातल्या चाकाचं तेच."

"पेटी नेहमी दोघांना सारखाच जोर देते. एकाला जवळजवळ काहीच लागत नसेल, तर दुसऱ्यालाही जवळजवळ काहीच मिळत नाही."

"मग असली पेटी बसवतातच कशाला?"

आजीने डबा परत जागेवर ठेवला आणि पट्टी जराशी तिरपी करून दाखवली. उजवा डबा थोडा पुढे गेला, डावा थोडा मागे राहिला. "गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर त्यांना तेवढंच फिरावं लागेल. मग एखादं फरपटत जाणार. पट्टीला तिरपं होता येतं म्हणून गाडी सुखानं वळते."

पक्कडने घसा खाकरल्यासारखा आवाज काढला. खरे तर त्याला घसाच नव्हता. "लवकरचा उपाय सांगू? पुढच्या-मागच्या दोन्ही पेट्यांत इपॉक्सी, म्हणजे झटपट सुकून कडक होणारा गोंद, भरावा. दातेरी चाकं आत जाम होतील. पट्टी तिरपी होणार नाही. दोन्ही चाकं बरोबरीनं फिरतील."

"आणि वळताना?" आजीने विचारले.

"फरपटेल. पण चालेल. काय करता येईल ते मी सांगतो, बाई. काय करावं ते तुम्ही ठरवा."

आजीने गुहेच्या दिशेला पाहिले. मग म्हणाली, "भर."

इपॉक्सी सुकेपर्यंत कृत्तिका दारात उभी राहून गुहेकडे पाहत होती. ठोकल्याचे आवाज मघापेक्षा अंतराने येत होते. तिने ते आजीला सांगितले नाही. आजीलाही ऐकू येत होते.

दुसऱ्या खेपेला ट्रक त्या दगडापाशी आला, डावे चाक अधांतरी झाले आणि या वेळी उजव्याने दगड धरून त्याला पुढे ओढले. बाहेर जमलेल्या माणसांनी आनंदाने आवाज केला. कृत्तिकाने ट्रक पुढे नेला. फट उजवीकडे वळत होती. तिने चाके वळवली. ट्रक अडखळला, थरथरला. दोन्ही चाकांखाली खरखरीत दगड होता, एकालाही घसरता येत नव्हते. तिने आणखी जोर दिला.

कट्कन आवाज झाला. मग नुसतीच करकर ऐकू येऊ लागली. आता पुढचे एकही चाक फिरत नव्हते आणि मागची दोन एकटी ट्रकला त्या वळणातून नेऊ शकत नव्हती.

कृत्तिकाने दोरी ओढून ट्रक बाहेर घेतला. "मी मोडला," ती म्हणाली. "मी जास्त जोर दिला."

"मोडलाय खरा," आजी म्हणाली. "कसा मोडलाय ते बघू. कुणी मोडला ते नंतर."

पेटी उघडली. मोटरकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते पेटीवरच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. मोठ्या चाकाचे काही दाते उडाले होते. चाक जस्ताच्या ओतीव धातूचे होते, मऊ आणि ठिसूळ.

"धातू कमकुवत," पक्कड म्हणाला. "पोलादी चाकं हवीत."

कृत्तिका मोडके चाक उजेडाकडे धरून पाहत होती. बाकीचे दाते शाबूत होते, पण त्यांच्यावर एक गंमत दिसत होती. दात्यांची टोके घासून चकचकीत झाली होती. बुडाशी मात्र कारखान्यातला काळा रंग तसाच होता.

"आजी, हे दाते फक्त टोकाला घासलेत. खालपर्यंत दुसरा दाता पोचतच नव्हता."

आजीने चष्मा नाकावर पुढे ओढून चाक हातात घेतले. मग तिने रिकामी पेटी दोन बोटांत दाबली. प्लॅस्टिकची पेटी किंचित फाकली.

"बरोबर आहे तुझं. जोर आला की पेटी फाकते. पेटी फाकली की दोन चाकं एकमेकांपासून सरकतात आणि दाते नुसते टोकाटोकानं भिडतात. तू दोन्ही हातांची बोटं एकमेकांत मुळापर्यंत गुंतव."

कृत्तिकाने गुंतवली. आजीने तिचे हात ओढून पाहिले. सुटेनात.

"आता नुसती पेरं अडकव." या वेळी आजीने जरासे ओढताच बोटे सुटली आणि टोकांना दुखलेही. "पोलादी चाकं बसवली आणि फट तशीच ठेवली, तर पोलादाचीही टोकं झिजणार. फट बुजवायला हवी आणि पेटीला फाकू द्यायचं नाही."

"पण पोलादी चाकं आणायची कुठून?"

आजीने सुट्या भागांचा खण उघडून पाहिला; त्यात एवढी लहान पोलादी चाके नव्हती.

"माझ्या डाव्या मनगटात आहेत," पक्कड म्हणाला.

कृत्तिकाने त्याच्याकडे पाहिले. आजी सांगू लागली, "मनगटातही डिफरन्शियलच असतं. दोन छोट्या मोटरी एका दिशेनं फिरल्या की मनगट वाकतं, उलट दिशांनी फिरल्या की पिळतं. पक्कडचं मनगट केलं तेव्हा मी तुझ्या ट्रकचाच आराखडा वापरला होता. मापं तीच. फक्त चाकं पोलादाची."

"काढल्यावर डावा हात निकामी होईल," पक्कड म्हणाला. "नाजूक कामाला मला दोन्ही हात लागतात. म्हणजे जोडणी मला करता येणार नाही. ही अडचण आधी सांगितलेली बरी."

आजीने आपले हात पुढे करून पाहिले. गेली काही वर्षे तिची बोटे थरथरत असत. कागदावर रेघ ओढायची तर ती पट्टीचा आधार घेई. तिने कृत्तिकाकडे पाहिले आणि टेबलावरचा दिवा तिच्या बाजूला वळवला.

मग कृत्तिका कामाला बसली. इपॉक्सीने चिकटलेली पुढची जुनी चाके तिने बाजूला सारली. पक्कडने उजव्या हाताने स्वतःचे डावे मनगट उघडले, आणि त्यातली चाके तिने चिमट्याने एकेक करून उचलली. शिंप्याच्या बटणाएवढी, पण हाताला जड. त्यांवरचे जुने वंगण तिने पुसून काढले. मोठ्या चाकाच्या मागे तिने एक वॉशर (पातळ गोल चकती) घातली, म्हणजे ते पिनियनकडे केसभर सरकले. फिरवून पाहिले. अजून खडखड होती. तिने दुसरी घातली. आता चाक फिरेचना.

"फार घट्ट झालं," आजी म्हणाली. "मुळापर्यंत गुंतायला हवं, पण चिणायला नको. दुसरी आणखी पातळ बघ."

तिसऱ्या खेपेला जमले. चाक फिरले, तेही आवाज न करता. बाहेरून कुणीतरी ओरडून विचारले, किती वेळ लागेल. आजीने दाराकडे न बघताच हात वर करून थांबायची खूण केली.

"आता हे परत इपॉक्सीनं जाम करायचं?" कृत्तिकाने विचारले.

"तूच सांग. वळणावर काय झालं होतं?"

कृत्तिकाने पट्टीकडे पाहिले. "पट्टीला तिरपं व्हायचं होतं आणि आपण होऊ दिलं नाही. मग सगळा जोर दात्यांवर आला. पण मोकळी सोडली तर ती गर्रकन फिरते." ती थांबली. "पट्टी हळूहळू तिरपी व्हायला हवी. चिखलात रुतल्यासारखी."

आजी उठली आणि कपाटातून एक बाटली घेऊन आली. तळाची जड दारे धाडकन मिटू नयेत म्हणून त्यांच्या बिजागऱ्यांत एक सिलिकॉनचे तेल भरलेले असायचे. मधापेक्षा घट्ट, काचेसारखे पारदर्शक. कृत्तिकाने ते पेटीच्या आतल्या लहान चाकांवर ओतले. ते सावकाश, दोरीसारखे पडत राहिले. आता एक चाक फिरवले की दुसरे उलटे फिरत होते, पण कुरकुरत, नाइलाजाने. वळताना लागणारा थोडासा फरक ते तेल होऊ देणार होते. अधांतरी चाकाला मोकाट सुटू देणार नव्हते.

"मागच्या पेटीचं काय?"

"ती राहू दे जाम. वळायचं काम पुढच्या चाकांचं, मागची नुसती ढकलू देत. थोडी फरपटतील, पण आता पुढून ओढायला बळ आहे."

शेवटी आजीने पत्र्याची एक अरुंद पट्टी कापली. कृत्तिकाने ती पेटीभोवती घट्ट आवळून स्क्रूने पक्की केली, पिंपाला कडे घालतात तशी. पेटी दोन बोटांत दाबून पाहिली. फाकली नाही.

तिसऱ्या वेळी गुहेच्या तोंडाशी कुणी आवाज केला नाही. ठोकल्याचे उत्तर बराच वेळ आले नव्हते.

कृत्तिकाने खटका हळूच पुढे सारला. ट्रक दगडापाशी आला. डावे चाक अधांतरी झाले, थोडे फिरले, आणि तेलाने त्याला आवरले. उजव्याने दगड धरला. ट्रक पलीकडे उतरला. मग वळण आले. तिने या वेळी घाई केली नाही. ट्रक जेवढा मागत होता तेवढाच जोर देत गेली. पुढची चाके वळली, बाहेरचे थोडे जास्त फिरले, आतले थोडे कमी. मागची कुरकुरत फरपटली. दोरी दगडाला घासत होती आणि मोटरचा आवाज जड झाला होता. कृत्तिका करकर ऐकू येण्याची वाट पाहत होती. ती आली नाही.

पडद्यावर आधी धूळ दिसली, मग एक बूट, मग भिंतीला टेकून बसलेले नौशादकाका. त्यांचे डोळे मिटलेले होते.

तिने ट्रक त्यांच्या हातापर्यंत नेला आणि चाकाने बोटांना हळूच धक्का दिला. काही झाले नाही. तिने मागे घेऊन पुन्हा धक्का दिला. बोटे हलली. काकांनी डोळे उघडले, ट्रककडे पाहिले, पंप ओळखला आणि तोंडाला लावला. बऱ्याच वेळाने बोलायच्या यंत्रातून घोगरा आवाज आला.

"कृत्तिका? पाय सापडलाय दगडाखाली. बाकी ठीक आहे."

"काका, बोलू नका. मागची दोरी ओढा. सावकाश ओढा, शेवटी हवेची नळी आहे!"

दोरी आत सरकू लागली. तिच्यामागून नळी गेली. इनामदारबाईंनी हवेचा पंप सुरू केला, आणि यंत्रातून हवेचा फुस्कारा ऐकू आला. कृत्तिका तिथेच जमिनीवर बसली. आजीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो थरथरत होता, पण तो नेहमीच थरथरायचा.

ऊन उतरता उतरता माणसांनी आणि पुण्याच्या यंत्रमानवाने मिळून वाट मोकळी केली. काका स्ट्रेचरवरून बाहेर आले.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी ते पायाला प्लास्टर घालून कार्यशाळेत आले. इनामदारबाईंनी तळावरच्या प्रत्येक गुहेपाशी असा एकेक ट्रक ठेवायचे ठरवले होते, आणि त्यांच्या आसांची कामे टेबलावर मांडलेली होती. काकांनी एक पेटी हातात घेऊन फिरवून पाहिली.

"चंद्रावर असं कुणी अडकलं, तर तिथंही हाच ट्रक चालेल का गं?"

"चालेल की," कृत्तिका म्हणाली. मग ती थबकली. तिला ती तेलाची बाटली आठवली. "आजी, चंद्रावर सावलीत किती थंडी असते?"

"हे तेल दगडासारखं होईल एवढी. आणि उन्हात नेलं तर पातळ होईल."

"म्हणजे सावलीत पट्टी जाम होणार, आणि उन्हात मोकाट सुटणार."

"बरोबर. प्रत्येक चाकाला वेगळी मोटर लावता येते, पण मग चार मोटरींचं वजन आलं. एवढ्याशा ट्रकला ते झेपत नाही."

"मग तेलाच्या जागी काय घालायचं?"

"आमच्या गटाला अजून जमलेलं नाही," आजी म्हणाली. "मला ठाऊक नाही."

आजीने आजवर कुठल्याच प्रश्नाला असे उत्तर दिले नव्हते. कृत्तिकाने स्टूल टेबलाजवळ ओढले, रिकामी पेटी समोर घेतली आणि आतल्या चाकांकडे बघत बसली.